राज्यांतर आणि शाळेची पारख

महाराष्ट्राबाहेरील मराठी वसाहतींचा इतिहास लिहिताना आपले लक्ष बहुधा सरदारांचे वाडे, सनदा आणि दरबार यांकडे जाते. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर ही नावे उच्चारली की घोडदळ आणि जहागिरी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या ठिकाणी जी मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली, त्यांतील पुष्कळशी कारकून, शिक्षक, वकील, वैद्य अशा पांढरपेशा व्यवसायांतील होती. त्यांना जहागिरी मिळावयाची नव्हती. दरमहाचे वेतन आणि मुलांचे शिक्षण एवढीच त्यांची दौलत. बिऱ्हाड हलविण्यापूर्वी घरातील कर्त्या माणसास म्हणूनच एक विचार करावा लागे : ज्या राज्यात आपण जात आहोत, तेथील सरकारी शाळा कशी आहे? प्रश्न वरकरणी घरगुती आहे. पण त्याला जी उत्तरे मिळत गेली, त्यांनीच या वसाहतींचे पुढील भवितव्य पुष्कळ अंशी ठरविले. ही पारख कोणत्या कसोट्यांवर करावी लागली आणि अखेरीस कोणती कसोटी निर्णायक ठरली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम बडोद्याचा विचार करू; कारण शिक्षणाच्या बाबतीत त्या राज्याची कीर्ती सर्वांत मोठी होती. सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांच्या हाती १८८१ मध्ये राज्याची पूर्ण सूत्रे आली. त्याच वर्षी बडोदे कॉलेजची स्थापना झाली. १८९० मध्ये कलाभवन निघाले आणि धंदेशिक्षणाची सोय झाली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये ती सक्ती सर्व राज्यास लागू करण्यात आली. मुलांप्रमाणेच मुलींनाही ती लागू होती, हे विशेष. याच्याशी ब्रिटिश मुलुखातील स्थिती ताडून पाहावी. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळापुढे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. तरीही १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्ती करण्याची नुसती मुभा मिळावयास १९१८ चे साल उजाडले. तेव्हा पुण्याकडील वा कोकणातील एखाद्या गृहस्थाने, मोफत शाळा आणि मोठी ग्रंथालये असलेले हे राज्य मुलांसाठी चांगले, असे मानले तर त्यात नवल नाही.

तथापि बडोद्याची खरी सोय कायद्याच्या कलमांत नव्हती. ती दोन साध्या गोष्टींत होती. राजधानीत मराठी शाळा होत्या, ही पहिली. बडोदे कॉलेज मुंबई विद्यापीठास जोडलेले होते, ही दुसरी. बडोद्यात शिकलेल्या मुलाची पदवी पुण्यामुंबईच्या मुलाच्या पदवीहून वेगळी नव्हती. वडिलांची नोकरी सुटली, संस्थानात मर्जी फिरली अथवा कुटुंबास देशावर परतावे लागले, तरी मुलाचे वर्ष वाया जाण्याचे भय नव्हते. संस्थानी नोकरीचा भरवसा किती, हे जाणणाऱ्या माणसाला या गोष्टीचे मोल मोफत शिक्षणाहून अधिक वाटल्यास त्याला दोष कोण देईल? मात्र हे सुख राजधानीपुरते होते. राज्यातील बहुसंख्य प्रजा गुजराती, आणि मराठी वस्ती मुख्यतः बडोदे शहरात एकवटलेली. कडी किंवा नवसारी प्रांतातील लहानशा गावी बदली झालेल्या मराठी अंमलदाराच्या मुलापुढे सहजच गुजराती शाळा येई. ती शाळा वाईट होती असे मुळीच नव्हे. शेजाऱ्यांची भाषा शिकणे हा लाभच आहे. परंतु घरची भाषा लिहावयास कोठे शिकावी, याची तजवीज मग घरातच करणे प्राप्त होते. अशी तजवीज ज्या घरांत झाली नाही, तेथे मराठी बोलण्यापुरती उरली.

शाळेच्या गुणवत्तेची आणखी एक बाजू आहे. ती पांढरपेशा कुटुंबांच्या लक्षात क्वचितच येई. ती म्हणजे वर्गात कोणास कोठे बसविले जाते, ही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १८९१ मध्ये महू येथे, म्हणजे महाराष्ट्राबाहेरील लष्करी ठाण्यात झाला. त्यांचे वडील रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. पुढे कुटुंब दापोलीस, तेथून साताऱ्यास आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. शाळा सरकारी होती, शिकविणेही होते. पण त्या मुलाला वर्गात वेगळे, स्वतःच्या तरटावर बसावे लागे आणि पाणी हाताने घेता येत नसे. पुढे रामजींनी बिऱ्हाड मुंबईस हलविले. परळच्या चाळीतील एका खोलीत संसार मांडला आणि मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. तेथेही अपमान टळले नाहीत. पण एल्फिन्स्टनमधून विद्यापीठाकडे जाणारा रस्ता तरी खुला होता. शाळेसाठी एका बापाने जागेची, पैशाची आणि स्वास्थ्याची किती किंमत मोजली, याचे हे उदाहरण आपल्या शिक्षणेतिहासात ठळकपणे नोंदविले पाहिजे.

याच चरित्रात बडोद्याच्या कीर्तीलाही एक मर्यादा पडलेली दिसते. सयाजीरावांनी अंत्यज मुलांसाठी शाळा काढल्या होत्या आणि १९१३ मध्ये आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्तीही दिली. परंतु १९१७ मध्ये ते राज्याच्या नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात त्यांनी कसाबसा आसरा घेतला. तोही टिकला नाही, आणि थोड्याच दिवसांत त्यांना शहर सोडावे लागले. राज्याची शाळा चांगली असली तरी त्या शहरात घर मिळत नसेल, तर कुटुंबाने कोठे उतरावे? शाळेची पारख शाळेच्या भिंतीपाशी संपत नाही, एवढे यावरून निश्चित होते.

बडोद्याच्या नेमके उलट टोक म्हणजे निजामाचे हैदराबाद. येथे मराठी माणूस केवळ बाहेरून आलेला नव्हता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे जिल्हे मुळातच मराठी. राजधानीतील मराठी वस्तीही जुनी. असे असता माध्यमिक शिक्षणाची भाषा सर्वसाधारणपणे उर्दू होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेही उर्दू माध्यमाचे. येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अन्य विद्यापीठांत इंग्रजीवाचून उच्च शिक्षणाची कल्पनाही करवत नव्हती, त्या काळात उस्मानियाने भाषांतर विभाग उभारून शास्त्रीय विषय एका भारतीय भाषेत पदवीपर्यंत शिकवून दाखविले. देशी भाषा उच्च ज्ञानाचे ओझे पेलू शकतात, याचा तो मोठा पुरावा होता. पण ज्या तत्त्वाने उर्दूला मान मिळाला, तेच तत्त्व मराठी, तेलुगू आणि कन्नड यांना नाकारले गेले. आणि राज्यातील बहुसंख्य मुले या तीन भाषांच्या घरांतील होती.

अशा राज्यात पालकापुढे मार्ग कोणते? एक, उर्दू शाळेतून उस्मानियापर्यंत जाणे आणि राज्याच्या नोकरीत शिरणे. दुसरा, इंग्रजी शाळेतून निजाम कॉलेजात जाणे. ते मद्रास विद्यापीठास जोडलेले असल्याने तेथील पदवी बाहेर चाले. तिसरा, मुलाला राज्याबाहेर पाठविणे. चौथा मार्ग मात्र एकट्या पालकाच्या हातचा नव्हता. १९०७ मध्ये वामनराव नाईक, केशवराव कोरटकर आदी मंडळींच्या पुढाकाराने हैदराबादेत विवेक वर्धिनी शाळा निघाली. त्याच वर्षी गुलबर्ग्यास नूतन विद्यालय सुरू झाले. पुढे हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा यांतून स्वामी रामानंद तीर्थांसारखे शिक्षक कार्यास लागले आणि शाळेचे काम लोकजागृतीचे काम झाले. सरकारी शाळा पारखून जे समाधान मिळाले नाही, ते समाजाने स्वतः शाळा काढून मिळविले.

प्रमाणपत्राच्या कसोटीचे मोल १९३८ मध्ये एकदम प्रत्ययास आले. ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियाच्या शेकडो विद्यार्थ्यांवर बहिष्काराची कारवाई झाली. त्यांची वर्षे बुडावयाची, तो नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. त्या मुलांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. एका राज्याने बंद केलेली वाट दुसऱ्या राज्याने मोकळी केली म्हणून ते शिक्षण वाचले. नागपूरने नकार दिला असता तर?

मध्य भारतातील अनुभव थोडक्यात सांगण्यासारखा आहे. इंदुरात होळकर कॉलेज १८९१ मध्ये निघाले. ग्वाल्हेरीतही उच्च शिक्षणाची सोय त्याच सुमारास झाली. परंतु येथील विद्यापीठीय संबंध उत्तरेकडील. अलाहाबादेकडून ही महाविद्यालये १९२७ मध्ये नव्या आग्रा विद्यापीठाकडे गेली. राज्यकर्ते मराठी असूनही शिक्षणाचा ओघ हिंदीकडे वाहिला, आणि तेथील मराठी कुटुंबे दोन्ही भाषांत वावरू लागली. घरात मराठी आणि परीक्षेत हिंदी वा इंग्रजी, अशी वाटणी झाली. ज्या घरांनी ग्रंथालये आणि साहित्यसभा यांच्याशी नाते राखले, त्यांची मराठी लेखनातही टिकली.

येथवर कुटुंबांनी राज्य बदलल्याची हकीकत झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी याच्या उलट प्रकार घडला : कुटुंबे होती तेथेच राहिली आणि राज्यच बदलले. मुंबई राज्यातील बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण हैदराबाद शहरातील मराठी वस्ती आंध्र प्रदेशात राहिली. बिऱ्हाड न हलविता बेळगावच्या पालकास तोच जुना प्रश्न पुन्हा सोडवावा लागला : मुलाला मराठी शाळेत ठेवावे, की राज्याच्या भाषेच्या, की इंग्रजीच्या?

या अडचणीची जाणीव घटनाकारांना नव्हती असे नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. त्याआधीच, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक व्यावहारिक माप ठरविले होते : संपूर्ण शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले त्या भाषेची असतील, तर शिक्षक द्यावा. पुढे बदलीच्या केंद्रीय नोकरांसाठी केंद्रीय विद्यालयांची योजना १९६२ मध्ये मंजूर झाली. वर्षाच्या मध्यास एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या मुलाला तोच अभ्यासक्रम आणि तीच परीक्षा मिळू लागली. बडोद्याच्या पालकाला मुंबई विद्यापीठामुळे जी निश्चिंती होती, ती आता देशभर लाभली. मात्र या शाळांची माध्यमे हिंदी आणि इंग्रजी. वाट सरळ झाली, पण घरची भाषा वाटेबाहेर राहिली.

या सर्व हकीकतीवरून शाळेच्या पारखीचे चार प्रश्न निघतात. शिकविणे कोणत्या भाषेत? मिळालेले प्रमाणपत्र सीमेपलीकडे चालते काय? माझ्या मुलाला वर्गात इतरांच्या बरोबरीने बसता येते काय? आणि घरची भाषा लिहावयास ते कोठे शिकेल? फी, इमारत आणि निकाल यांची माहिती सहज मिळते, म्हणून पालक प्रथम त्यांचाच विचार करतो. इतिहास मात्र सांगतो की, ती माहिती पहिल्या वर्षापुरती उपयोगी. मूल ते राज्य सोडून निघेल तेव्हा काय बरोबर नेईल, ही कसोटी अधिक खरी.

येथे एक अडचण उरते, आणि ती आपल्यासारख्या संस्थांच्या विचाराची आहे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कुटुंब एकेकटे शोधू शकते. चौथ्याचे उत्तर एकेकट्यास सापडत नाही. वर्गात दहा मुले हवीत, असे माप आहे. नवे आलेले कुटुंब पूर्ण विचारान्ती मुलाला अन्यत्र घालते. त्याचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच असतो. असे निर्णय साचत गेले की दहाची नऊ होतात आणि शिक्षक जातो. मग ज्यांना मराठी वर्ग हवा होता, त्यांनाही तो मिळत नाही. हैदराबादेतील १९०७ च्या पिढीस हे उमगले होते, म्हणून तिने निवड करीत न बसता शाळा उभारली. आज नव्या शाळा काढणे सर्वत्र शक्य नाही. परंतु गावात मराठी वर्ग कोठे आहे, त्यात किती मुले आहेत, तो नसल्यास सायंकाळी वा सुटीत वाचनलेखन कोण शिकवील, ही माहिती नव्याने आलेल्या बिऱ्हाडापर्यंत पोचविणे शिक्षकांस आणि परिषदांस अवघड नाही. ती वेळेवर पोचली, तर एखाद्या वर्गातले दहावे मूल राहू शकते.