मुनाबाव–खोखरापार : एका रेल्वेमार्गाचा इतिहास

फाळणीपूर्वी जोधपूरहून सिंधमधील हैदराबादपर्यंत थरच्या वाळवंटातून मीटरगेज रेल्वे जात असे. 'सिंध मेल' याच मार्गावरची. १९४७ साली हद्द आखली गेली. मुनाबाव भारतात राहिले, खोखरापार पाकिस्तानात गेले. निर्वासितांचे लोंढे दोन्ही दिशांनी याच वाटेने आले-गेले. हद्द आखल्यानंतरही या मार्गाने प्रवासी ये-जा करीत. १९६५ च्या युद्धात मात्र ही वाट बंद झाली.

१९७६ मध्ये अमृतसर–लाहोर 'समझौता एक्सप्रेस' सुरू झाली खरी. पण मुंबई-कोकणातील कुटुंबांना कराचीतील आप्तांकडे रेल्वेने जायचे तर थेट पंजाबचा वळसा पडे. अखेर १८ फेब्रुवारी २००६ रोजी, चार दशकांनंतर, 'थर एक्सप्रेस' आठवड्यातून एकदा धावू लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये संबंध बिघडले आणि दोन्ही गाड्या थांबल्या.

युद्धे व करार यांच्या तारखा आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. त्यांबरोबर या रुळांचा इतिहासही सांगावा. हद्द असणे आणि वाट बंद असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली नकाशावर असते. दुसरीची झळ बहीण-भावांना लागते.