मुंबईतील कुटुंबसाहाय्याची दोन दारे

मुंबईतील कुटुंबसाहाय्याच्या इतिहासात दोन प्रवाह आढळतात. पहिला बालकल्याणाचा : १९२४ च्या मुंबई बालक कायद्यानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली व निराधार मुलांस आश्रय मिळू लागला. दुसरा पोटगीचा : १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८८ व्या कलमान्वये टाकलेल्या पत्नीस व मुलांस दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येई. तथापि १९५५ मध्ये ठरलेली दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा केंद्रीय कायद्यात २००१ पर्यंत कायम राहिली. दरम्यान महागाईने तिचे मोल पार घटविले.

आई जवळ आहे, पण बाप खर्च देत नाही, अशा मुलाचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये पडे. १९८४ मध्ये कुटुंब न्यायालय कायदा संमत झाला. त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. १९८९ मध्ये मुंबईत कुटुंब न्यायालय आले. समुपदेशन व न्याय यांतील अंतर त्यामुळे घटले. महानगरात सेवा असणे पुरेसे नसते. गरजवंतास तिचे दार सापडावे लागते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.