संदेश-माध्यमांची निवड : लेख, ध्वनी व चित्र

संदेश-माध्यमांची निवड : दूर असलेल्या व्यक्तीशी संपर्क साधताना लिखित मजकूर, वाणी किंवा चलचित्रासह वाणी यांपैकी एका माध्यमाची योजना करण्याची रीत. ही निवड वरकरणी व्यक्तिगत आवडीची बाब वाटली, तरी तिच्यामागे दरपत्रक, साक्षरता, लिपी, यंत्रांची उपलब्धता, वडीलधाऱ्यांविषयीचा संकोच, पुराव्याची गरज इ. अनेक कारणे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत बहुसंख्य लोकांना अशी निवड फारशी करताच येत नव्हती. जे माध्यम परवडे व पोहोचे, तेच वापरावे लागे. तिन्ही माध्यमे एकाच उपकरणात व जवळजवळ एकाच किंमतीत मिळू लागल्यानंतर मात्र माध्यमाच्या निवडीलाच अर्थ प्राप्त झाला.

माध्यमांतील मूलभूत भेद : लिखित संदेश टिकतो, पुन्हा वाचता येतो व दुसऱ्यास दाखविता येतो. तो पाठविणारा व घेणारा एकाच वेळी मोकळे असण्याची गरज नसते. वाणी तत्काळ उत्तर मागते. आवाजाचा चढउतार, थांबणे, कंप यांतून शब्दांत नसलेला आशयही पोहोचतो. चित्रामुळे चेहरा, हावभाव व परिसर दिसतो; परंतु बोलणाऱ्यास स्वतःला व आपल्या घरालाही पाहण्याजोगे ठेवावे लागते. तांत्रिक भारही याच क्रमाने वाढतो. भ्रमणध्वनीवरील एक लघुसंदेश १४० बाइटांत मावतो. दूरध्वनीवरील वाणीसाठी सु. ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढा कंप्रता-पट्टा लागतो व तिचे पारंपरिक अंकीय रूप सेकंदाला ६४,००० बिट एवढी जागा घेते. चलचित्रास याच्या कितीतरी पट क्षमता लागते. माध्यमांचा प्रसारही साधारणतः याच क्रमाने झाला.

लेखाचे युग : भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आणा किंमतीस सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी टपाल खात्याची मनीऑर्डर सेवा सुरू झाली. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणारे कोकणातील व घाटावरील कामगार गावी पैसे पाठवीत, तेव्हा मनीऑर्डरच्या फॉर्मवरील मजकुरासाठी राखलेली थोडी जागा हेच अनेक कुटुंबांचे पत्र असे. लिहिता न येणाऱ्यास लेखनिकाकडे जावे लागे आणि गावाकडे पोस्टमन किंवा शाळामास्तर ते वाचून दाखवी. म्हणजे लिखित माध्यम हे या वर्गाच्या दृष्टीने खाजगी नव्हतेच. पती-पत्नींमधील मजकूर दोन परक्या व्यक्तींच्या तोंडून व हातांतून जाई. खुशाली, पैसे व शेतीची कामे यांपलीकडचे त्यात सहसा येत नसे. अनेक भागांत मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडण्याची प्रथा होती. यामुळे अक्षर न वाचताही वार्तेचे स्वरूप कळे.

तारायंत्राने वेग आणला, पण शब्दांवर किंमत बसविली. विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्ता परिसरात १८३९ मध्ये केलेल्या प्रयोगांनंतर १८५१ मध्ये कलकत्ता–डायमंड हार्बर मार्ग चालू झाला आणि १८५५ पासून तार सर्वसामान्यांस खुली झाली. प्रत्येक शब्दास दर असल्याने वाक्यातील विनयाचे व नात्याचे शब्द गळाले. मॉर्स संकेतलिपी रोमन वर्णांवर आधारलेली असल्याने तार इंग्रजीत किंवा रोमन लिपीत लिहावी लागे. देवनागरी तारांची सोय १९४९ मध्ये झाली. खर्चामुळे तार निकडीपुरतीच वापरली जाई. परिणामी ‘तार आली’ एवढे शब्द ऐकूनच घरात धास्ती पसरे. लग्नप्रसंगी पाठवावयाच्या शुभेच्छांसाठी खात्याने क्रमांक दिलेली ठराविक वाक्ये ठेवली होती. प्रेषकाने केवळ क्रमांक द्यावयाचा असे. भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. [⟶ तारायंत्र, टपाल].

वाणीचे युग : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे अमेरिकन एकस्व (पेटंट) १८७६ मध्ये मिळाले. भारतात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. दूरध्वनी हे प्रारंभी व्यापार व व्यवस्थापन यांचे साधन म्हणून विकले गेले. समाजशास्त्रज्ञ क्लॉड फिशर यांनी आपल्या १९९२ मधील ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, अमेरिकेतील कंपन्या गप्पागोष्टींना प्रदीर्घ काळ यंत्राचा अपव्यय समजत. १९२० च्या दशकातच त्यांच्या जाहिराती कौटुंबिक संभाषणाकडे वळू लागल्या. ग्रामीण स्त्रिया मात्र त्यापूर्वीच दूरध्वनीचा तसा उपयोग करीत होत्या. माध्यमाचा हेतू निर्मात्याने ठरवावयाचा की वापरणाऱ्याने, हा प्रश्न पुढेही वारंवार उद्‌भवला.

भारतात दूरध्वनीची जोडणी मिळण्यास अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागत असल्याने तो १९८० च्या दशकापर्यंत थोड्यांचेच साधन होता. परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवावा लागे. त्यात साधा, तातडीचा व ‘लाइटनिंग’ असे दर्जे होते. विशिष्ट व्यक्ती भेटली तरच संभाषण जोडून देणारी ‘पी.पी. कॉल’ ही सोयही होती. आपला दूरध्वनी नसलेली कुटुंबे शेजाऱ्यांचा क्रमांक देत, त्यामुळे बोलणे शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात, सर्वांसमक्ष व मोठ्या आवाजात होई. ग्राहकास थेट परगावचा क्रमांक फिरविता येण्याची सोय (एस.टी.डी.) १९६० मध्ये लखनौ–कानपूर मार्गावर प्रथम झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावोगाव उघडलेल्या एस.टी.डी.-पी.सी.ओ. केंद्रांनी निरक्षर व्यक्तीस मध्यस्थाविना घरच्या माणसाशी बोलण्याची संधी दिली. रात्री दर कमी होत असल्याने या केंद्रांपुढे रात्रीच रांगा लागत.

याच काळात लेख व ध्वनी यांच्या मधला एक मार्ग स्थलांतरितांनी स्वतःच शोधला. आखाती देशांत गेलेले भारतीय कामगार, विशेषतः केरळमधील, ध्वनिमुद्रित कॅसेट गावी धाडीत व घरची माणसे उलट कॅसेट पाठवीत. वाणीची जवळीक व पत्राचा टिकाऊपणा यांचा त्यात मेळ होता.

चित्रदूरध्वनीचे अपयश : बोलणाऱ्याचे चित्रही पाठविण्याची कल्पना दूरध्वनीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांनी १९२७ मध्ये हर्बर्ट हूव्हर यांचे चित्र व आवाज वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला तारेने पाठवून दाखविले. जर्मन टपाल खात्याने १९३६ मध्ये बर्लिन व लाइपसिक यांच्या दरम्यान सार्वजनिक चित्रदूरध्वनी सुरू केला. युद्धकाळात, १९४० मध्ये, तो बंद पडला. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ या कंपनीने ‘पिक्चरफोन’ मांडला व १९७० मध्ये पिट्सबर्ग येथे त्याची व्यापारी सेवा आरंभिली. तिचे मासिक भाडे १६० डॉलर होते. ग्राहकांची संख्या काही शेकड्यांपलीकडे गेली नाही आणि काही वर्षांतच हा उपक्रम आटोपता घ्यावा लागला.

अपयशाची कारणे केवळ किंमतीत नव्हती. समोरच्या व्यक्तीकडेही तसेच यंत्र नसेल, तर ते निरुपयोगी ठरे; म्हणून पहिल्या ग्राहकास त्याचा लाभ जवळजवळ नव्हता. कॅमेरा पडद्यापासून वेगळ्या जागी असल्याने दोघांची नजर नीट जुळत नसे. शिवाय घरच्या कपड्यांत, कामाच्या गडबडीत वा दुःखात असताना दिसण्याची लोकांची तयारी नव्हती. न दिसणे ही दूरध्वनीतील उणीव नसून सोय आहे, ही बाब या अनुभवातून स्पष्ट झाली.

संशोधन : याच सुमारास माध्यमांच्या परिणामांची प्रायोगिक तपासणी सुरू झाली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील ॲल्फान्स चॅपॅनिस व त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात दोन व्यक्तींना निरनिराळ्या माध्यमांतून एकत्रितपणे कामे करावयास दिली. वाणी उपलब्ध असल्यास काम लिखित माध्यमापेक्षा खूपच लवकर उरके. वाणीत चित्राची भर घातल्याने मात्र फारसा फरक पडत नसे. ब्रिटनमधील मोर्ली व स्टीव्हन्सन यांच्या वाटाघाटींच्या प्रयोगांत, परस्परांना न पाहता केवळ आवाजावर बोलताना बळकट बाजू असणाऱ्याची सरशी अधिक झाली; समोरासमोर हा परिणाम मंदावला. शॉर्ट, विल्यम्स व क्रिस्टी यांनी १९७६ मध्ये ‘सामाजिक उपस्थिती’ ही संकल्पना मांडली. समोरची व्यक्ती खरोखर हजर असल्याची जाणीव माध्यमागणिक कमीअधिक होते, असे तिचे सूत्र आहे. डॅफ्ट व लेंगेल यांनी १९८० च्या दशकात संदिग्ध प्रश्नांसाठी समृद्ध, तर ठराविक माहितीसाठी साधे माध्यम योग्य ठरते, असे प्रतिपादन केले. मात्र प्रत्यक्ष निवड अशी हिशेबी नसते, हे पुढील अभ्यासांतून दिसून आले. कुमार व एप्ली यांच्या २०२१ मधील प्रयोगांत जुन्या परिचिताशी बोलणे अवघड जाईल, या भीतीने लोक लिखित संदेशाकडे झुकले. प्रत्यक्षात बोलणे अपेक्षेइतके अवघड गेले नाही व त्यातून जवळीक अधिक वाटली.

कर्णबधिरांचा अनुभव : बेल हे कर्णबधिरांचे शिक्षक होते, परंतु त्यांच्या यंत्राने कर्णबधिरांना दूरसंपर्कातून जवळजवळ शतकभर वगळले. कर्णबधिर भौतिकीविज्ञ रॉबर्ट वाइटब्रेक्ट यांनी १९६४ मध्ये जुने दूरमुद्रक साध्या दूरध्वनीच्या तारेस ध्वनीच्या द्वारा जोडण्याची युक्ती सिद्ध केली, तेव्हा त्यांना लिखित संभाषणाचा मार्ग खुला झाला. तथापि खाणाखुणांची भाषा ही ज्यांची पहिली भाषा आहे, त्यांना लिखित भाषा परकीच राहते. त्यांच्या दृष्टीने चित्र हा वाणीचा अलंकार नसून तीच वाणी होय. चलचित्र संभाषण स्वस्त झाल्याचा सर्वांत मोठा लाभ याच समाजास झाला आहे.

भ्रमणध्वनी व लघुसंदेश : पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये संगणकावरून भ्रमणध्वनीवर पाठविण्यात आला. त्यात रोमन लिपीची १६० चिन्हे मावत. देवनागरीत लिहिल्यास ही मर्यादा ७० वर येई, शिवाय पुष्कळ उपकरणांवर देवनागरी उमटतही नसे. त्यामुळे मराठी भाषक तरुणांनी दीर्घकाळ मराठी रोमन अक्षरांत लिहिली. तारेच्या युगातील लिपीची अडचण अशी पुन्हा अवतरली.

भारतात भ्रमणध्वनी सेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. आरंभी दर अतिशय चढे असून येणाऱ्या संभाषणासही पैसे पडत. २००३ मध्ये ही आकारणी बंद झाली. न उचललेल्या कॉलला पैसे पडत नसल्याने ‘मिस्ड कॉल’ हा शब्दहीन संदेश रूढ झाला. एकदा घंटी म्हणजे पोहोचलो, दोनदा म्हणजे खाली ये, असे संकेत कुटुंबे व मित्र आपसांत ठरवून घेत. लेख, ध्वनी व चित्र या तिन्हींचा खर्च टाळणारे हे चौथे माध्यमच होते.

तिन्ही माध्यमांचा संगम : २००३ मध्ये सुरू झालेल्या (व २०२५ मध्ये बंद झालेल्या) स्काइपसारख्या सेवांनी परदेशी गेलेल्या मुलांचे चेहरे घरी दाखविले. २००९ मध्ये स्थापन झालेल्या व्हॉट्सॲपवर २०१३ मध्ये ध्वनिसंदेश, २०१५ मध्ये संभाषण व २०१६ मध्ये चित्रसंभाषण यांची सोय झाली. त्याच वर्षी भारतात माहितीवहनाचे दर एकदम उतरले. ध्वनिसंदेशामुळे टंकलेखनाची सवय नसलेल्या वा लिहिता न येणाऱ्या व्यक्तीस उत्तर देणाऱ्याच्या सवडीनुसार बोलता येऊ लागले.

मिर्का मादियानू व डॅनियल मिलर यांनी ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या फिलिपिनो माता व मायदेशी राहिलेली त्यांची मुले यांचा अभ्यास करून २०१२ मध्ये ‘बहुमाध्यमता’ ही संकल्पना मांडली. खर्च ही सबब नाहीशी झाली, की माध्यमाच्या निवडीस नैतिक अर्थ येतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पूर्वी पत्र न आल्यास टपालास दोष देता येई. आता बोलण्याऐवजी दोन ओळी लिहिल्या, तर तो दुरावा समजला जातो, तर न विचारता चित्रसंभाषण केल्यास ती पाळत वाटू शकते. या अभ्यासात सततचा संपर्क मातांना आपले मातृत्व टिकविण्याचा मार्ग वाटला. मुलांपैकी काहींना मात्र तोच जाच वाटला.

न्यायव्यवहार : चित्रास उपस्थितीचा दर्जा द्यावा काय, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढेही आला. महाराष्ट्र राज्य पक्षकार असलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये असा निर्णय दिला, की परदेशस्थ साक्षीदाराची साक्ष दृक्‌श्राव्य परिषदेद्वारे नोंदविता येते. उलट, वैवाहिक तंट्यांसंबंधी २०१७ मध्ये बहुमताने दिलेल्या निर्णयात, समेटाचे प्रयत्न चालू असताना असा मार्ग योजू नये व ते निष्फळ ठरल्यावरही उभय पक्षांच्या मागणीवरून त्याचा विचार व्हावा, असे त्याच न्यायालयाने ठरविले. साक्षीस पडदा पुरेसा, पण समेटास अपुरा, असा हा भेद आहे. २०२० मधील कोविड-१९ च्या साथीत न्यायालये, शाळा व कचेऱ्या यांना निवडीस वावच उरला नाही. एकच उपकरण असलेल्या घरांतील मुले चित्रवर्गांपासून वंचित राहिली. त्याच काळात जेरेमी बेलेन्सन यांनी चित्रसंभाषणातील थकव्याची कारणे मांडली : जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचे प्रतिबिंब सतत दिसणे, जागेवर खिळून राहणे व हावभाव समजण्यासाठी पडणारा अधिक ताण.

सारांश, नवीन माध्यमाने जुन्याची गच्छंती होते, हा समज पूर्णपणे खरा नाही. तार संपली, परंतु तिचा संक्षेप लघुसंदेशात व कॅसेटची रीत ध्वनिसंदेशात टिकून राहिली. पैशाची वार्ता लिहून, आजाराची बोलून व बाळाची दाखवून कळवावी, असे नवे संकेत कुटुंबांत तयार होत आहेत. या संकेतांचा लाभ ज्याच्या हाती तिन्ही साधने आहेत, त्यालाच पूर्णपणे मिळतो; एकाच माध्यमावर अवलंबून असणाऱ्या व्यक्तीची निवड आजही दुसऱ्यानेच केलेली असते. [⟶ दूरध्वनिविद्या, भ्रमणध्वनी, संदेशवहन].