घर सोडा, घरात राहा

आजचा विषय तसा साधा आहे. साथ येते, शाळा-कचेऱ्या बंद होतात, माणसं घरी बसतात. मग ती दिवसभर करतात काय? प्रश्न बाळबोध वाटेल, पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचं उत्तर सहजासहजी मिळत नाही. का मिळत नाही, ते आज बघू.

सुरुवात प्लेगपासून करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या वर्षी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, सरकारने साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा कायदा, पण सरकारला अधिकार मात्र भरमसाट! पुण्यात रँडसाहेबांच्या समितीने गोरे सोजीर घराघरांत घुसवले. स्वयंपाकघर म्हणू नका, देवघर म्हणू नका, सगळीकडे झडती. सामान बाहेर काढून जाळायचं, संशयितांना छावणीत न्यायचं. पुढे २२ जून १८९७ ला चापेकरांनी काय केलं, ते आपण सगळे शाळेत शिकलो आहोत.

आता यात घराकडे बघा. त्या साथीत घर हीच धोक्याची जागा होती. घरात उंदीर पडला की घर सोडायचं, हे लोकांना अनुभवाने कळलं होतं. उंदरावरच्या पिसवांमधून रोग पसरतो, असं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते १८९८ साली, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर गावंच्या गावं उठून रानात झोपड्या बांधून राहायला गेली. आपल्याकडे अनेक घरांतून ‘प्लेगात गाव उठलं’ असं आजी-आजोबांनी सांगितलेलं असतं, ते हेच.

आता एकदम २०२० मध्ये येऊ. २२ मार्चला जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाच वाजता थाळ्या-टाळ्या. २४ तारखेच्या रात्री घोषणा, आणि २५ पासून २१ दिवस देश बंद. महाराष्ट्राने त्याआधीच, मार्चच्या मध्यावर, एक कायदा लागू केला होता. कोणता? तोच, १८९७ चा! म्हणजे १२३ वर्षांत कायदा तोच राहिला, हुकूम मात्र उलटा झाला. तेव्हा म्हणत होते घर सोडा, आता म्हणाले घरात राहा.

मग घरात बसून लोकांनी काय केलं? २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ पुन्हा लागलं. माळ्यावरचा कॅरम खाली आला, मोबाइलवर ल्यूडो सुरू झाला. कुणी जिलब्या तळल्या, कुणी गच्चीवर कुरडया घातल्या. हसू नका, हे सगळं इतिहासाचं साहित्य आहे.

पण इथे एक प्रश्न विचारायला हवा. वेळ घालवायचा होता, तो कुणाला? कामाच्या बाई येत नव्हत्या. घरातली सगळी माणसं दिवसभर घरात. चहा चार वेळा, भांड्यांचा ढीग तीन वेळा, आणि मधल्या वेळात मुलांची मोबाइलवरची शाळा. त्या घरातल्या बाईला ‘वेळ जात नाही’ म्हणायला तरी वेळ होता का? बाकीच्यांचा वेळ मजेत जावा म्हणून तिचा वेळ खर्ची पडत होता.

आणि ‘घर’ म्हणजे तरी कोणतं? धारावीत पहिला रुग्ण सापडला १ एप्रिलला. तिथे एका खोलीत आठ-दहा माणसं, संडास सार्वजनिक. त्यांनी घरात राहायचं म्हणजे कसं राहायचं? ज्यांचं घरच दुसऱ्या राज्यात होतं, ते मजूर तर चालत निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून निघाले होते, आपापल्या घरी जायला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. १८९७ चे समितीचे हुकूम आहेत, अहवाल आहेत, ‘केसरी’चे अंक आहेत. पण त्या रानातल्या झोपडीत चूल कुणी पेटवली, पोरं काय खेळली, रात्री कुणाला झोप लागली नाही, हे फार थोड्यांनी लिहून ठेवलं. कारण लिहिण्यासारखं काही घडतंय असं कुणाला वाटलंच नाही. रोजचंच तर होतं सगळं!

आपलंही तेच होणार आहे. फोटो मोबाइलमध्ये आहेत. मोबाइल बदलला की गेले. म्हणून माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर एक पान लिहा. त्या दिवसांत तुमच्या घरात किती माणसं होती, कोण कुठे झोपत होतं, पगार कुणाचा थांबला, भांडी कुणी घासली. स्वतः लिहा, आणि मग तेच घरातल्या बाईला विचारून वेगळं लिहा. दोन्ही पानं जुळली नाहीत तर फाडू नका. पुढच्या अभ्यासकाला दोन्ही लागतील.