खिशातील पिस्तुलाचा अंतर्व्यास : डेरिंजर ते नाशिकचे ब्राउनिंग

डेरिंजर पिस्तुलात गोळी एकच. ती निर्णायक ठरावी म्हणून नळीचा अंतर्व्यास बहुधा मोठा ठेवीत. १८६५ मध्ये लिंकन यांच्यावर झाडलेल्या डेरिंजरचा व्यास ०.४४ इंच होता. ब्राउनिंगच्या १९०० च्या पिस्तुलाने हे गणित पालटले : व्यास ०.३२ इंच, पण खजिन्यात सात गोळ्या. महाराष्ट्रातील क्रांतिकारकांना मात्र अशी निवड करण्याची मोकळीक कितपत होती? १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा होता; जे परदेशातून लपवून आणता येई, तेच हाती पडे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठविली. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकमध्ये कलेक्टर जॅक्सन यांची हत्या केली. पिस्तुलाचा माग लंडनपर्यंत पोहोचला आणि १९११ मध्ये सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली.