पाळण्याजवळचे वेखंड

‘जालना सोने का पालना’ ही म्हण या भागात कोणास ठाऊक नाही? बाजारपेठेच्या वैभवावरून ती रूढ झाली. आम्हांस मात्र आज सोन्याच्या पाळण्याविषयी बोलावयाचे नाही. घरोघरच्या साध्या पाळण्याजवळ जी सहाण असे, तिच्याविषयी बोलावयाचे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांची फौज वेलस्लीशी लढली. त्या एका दिवसावर ग्रंथ लिहिले गेले. पण त्या सहाणेवर पिढ्यान्‌पिढ्या उगाळल्या गेलेल्या वेखंडाचा इतिहास कोणी विचारीत नाही. वास्तविक त्याचा प्रवास कोणत्याही फौजेहून लांबचा आहे.

वेखंड ही पाणथळ जागेची, वर्षानुवर्षे टिकणारी वनस्पती. पाने तरवारीच्या पात्यासारखी, मूळ गाठीगाठींचे आणि उग्र वासाचे. आमच्या कोरड्या काळ्या रानात ते आपोआप उगवत नाही. ते येते काष्ठौषधीच्या दुकानातून. बाळगुटीत त्याचा वेढा, सर्दीत कपाळावर त्याचा लेप, न्हाऊ घातल्यावर अंगास त्याची पूड आणि कसर लागू नये म्हणून पोथ्यांच्या बासनात त्याचा तुकडा, इतका त्याचा संचार!

संस्कृतात याचे नाव वचा. उग्रगंधा, षड्ग्रंथा ही नावे वासावरून व गाठींवरून पडली, हे उघड आहे. ‘वचा’ हे नाव मात्र बोलणे या अर्थाच्या ‘वच्’ धातूशी जोडतात. चरकसंहितेत शुद्धीवर आणणाऱ्या, म्हणजे संज्ञास्थापन द्रव्यांत वचेची गणना आहे. मूल लवकर बोलावे म्हणून जिभेला वेखंड लावणाऱ्या आजीने चरक वाचला नव्हता. पण ती त्याच परंपरेत उभी होती.

आता चीनकडे वळू. तेथे वेखंडाच्या कुळाला ‘चांगपू’ म्हणतात. शेन्नोंगच्या नावावर चालणाऱ्या प्राचीन औषधिग्रंथात त्याला वरच्या वर्गात स्थान आहे. वेखंडाचे एक धाकटे भावंड तेथे ओढ्याकाठी, सावलीत, दगडांच्या फटींत वाढते. त्याचे मूळ तेथील वैद्य विस्मरणावर व बुद्धीच्या मांद्यावर देतात. शिवाय ते शोभेचेही झाड झाले. विद्वान लोक ते उथळ पात्रात खड्यांवर लावून लिहिण्याच्या मेजावर ठेवीत. अकराव्या शतकातील कवी सू शी याने त्याची स्तुती लिहिली आहे. पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी रोगराई टळावी म्हणून त्याची पाने दारावर लावण्याचीही चाल आहे.

इकडे वाचा, तिकडे स्मृती. मग हे ज्ञान कोणी कोणाकडून घेतले? बौद्ध भिक्षूंची नावे घेऊन चटकन निर्णय देण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो. वनस्पती दोन्ही देशांत आहे. उग्र वासाने माणूस सावध होतो, हा अनुभवही दोन्हीकडचा. साम्य म्हणजे उसनवारीचा पुरावा नव्हे. जेथे लेखी दाखला आहे तेथेच ठामपणे बोलावे. उदाहरणार्थ, १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधिग्रंथात या मुळावर स्वतंत्र संवाद आहे. तसेच सोळाव्या शतकात ते कॉन्स्टँटिनोपलहून व्हिएन्नास पोहोचले आणि १५७४ च्या सुमारास क्लूसियसने ते तेथे लावले. युरोपातील जातीला बी धरत नाही. ती मुळाच्या तुकड्यांनीच पसरली. म्हणजे तिच्या प्रवासात माणसाच्या हाताचा मोठा वाटा आहे.

शेवटची गोष्ट कटू आहे, पण सांगितली पाहिजे. वेखंडाच्या तेलातील बीटा-असारोन या द्रव्याने प्रयोगातील उंदरांस कर्करोग झाल्याचे आढळले आणि १९६८ मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी केली. उत्तर अमेरिकेतील देशी जातीत हे द्रव्य नाही. आपल्या बाजारातील वेखंडात ते पुष्कळ असते. तेव्हा तान्ह्या बाळाच्या पोटात ते देण्यापूर्वी डॉक्टरांस विचारणे हेच शहाणपणाचे. आजी चुकली असे आम्ही म्हणत नाही. तिने जवळ होते त्या ज्ञानाने बाळ जपले. आपल्याजवळ अधिक ज्ञान आहे. ते वापरून बाळ जपणे, हाच तिचा खरा वारसा होय.