पाणी मुळशीचे, वीज मुंबईची

माल्याहून पुढे गेले की मुळशीचे विस्तीर्ण पाणी दिसते. लोक फोटो काढतात; माझ्या डोळ्यांपुढे मात्र बुडालेली भातखाचरे येतात. १९२१च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून तिथली वीज मुंबईला द्यायची, अशी योजना होती. मुंबईची भरभराट झाली, हे मान्यच. पण मोबदला कुणाला? बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण, पैसाही बराचसा तिकडेच गेला. सावकार राजी झाले, तिथेच लढ्याचे निम्मे बळ गेले, असे मला वाटते. कसणाऱ्याने मात्र घरदार सोडायचे! बापट १९३१ साली तुरुंगातून सुटले, तोवर भिऱ्याची वीज मुंबईला पोचली होती.